निकाल सांगायचा नाही

आमच्या शाळेतल्या एका वर्गाला इंग्रजी शिकवताना मी वर्षभर पालथ्या घड्यावर पाणी ओतलं. घडे तसे गुणी होते, दंगा करत नसत. मी पुस्तकातला 'पोस्टाला भेट' हा धडा वाचायचे, मुलं पुस्तक उघडून बसायची, आणि धड्यातला कारकून तिकिटाला गोंद लावेपर्यंत मागची ओळ झोपलेली असायची. मला राग लवकर येतो. पण झोपलेल्या मुलावर रागावता येत नाही. त्याला आधी जागं करावं लागतं, आणि तोवर आपला राग उतरून जातो.

मागच्या ओळीत भिंतीला टेकून शिडी बसायची. हे नाव वर्गानं ठेवलेलं. कपाटावरची कुठलीही वस्तू काढायला तिलाच हाक मारावी लागायची, त्यामुळे तिला स्वतःला ते नाव आवडत असावं. ती माझ्याहून वीतभर उंच होती आणि इंग्रजी कधीच मोठ्यानं वाचत नसे. तिची धाकटी बहीण खालच्या वर्गात होती, तिला सगळे मिरची म्हणायचे. मिरची इंग्रजी लाह्या फुटाव्यात तसं वाचायची. एकदा घरी पाहुणे आले असताना शिडी वाचायला उभी राहिली आणि मिरचीनं सगळ्यांसमोर तिची प्रत्येक ओळ दुरुस्त केली. पाहुण्यांनी मिरचीला खाऊ दिला. शिडीनं त्या दिवसापासून कानाला खडा लावला.

तशात वरून हुकूम आला. तपासणीला साहेब येणार, आणि मुलांना त्यांनी कधी न पाहिलेला इंग्रजी उतारा वाचता आला नाही, तर त्या वर्गानं इंग्रजीच्या तासाला खालच्या वर्गात जाऊन बसायचं. मी हे वर्गाला सांगितलं. तास संपल्यावर शिडी माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"बाई, खाली गेल्यावर कोणाच्या शेजारी बसायचं ते आपलं आपण ठरवायचं, की तुम्ही ठरवणार?"

खालच्या वर्गातले बाक इतके बुटके होते, की तिचे गुडघे हनुवटीला लागले असते. शेजारी मिरची असती ती वेगळीच. मला त्या प्रश्नानं रडू आलं, आणि मला रडू आलं की मी ओरडते.

"कोणी कुठे जाणार नाही," मी ओरडले. शिडी घाबरून गेली बिचारी.

ओरडले खरी, पण करायचं काय ते मला ठाऊक नव्हतं. ते कळलं हेडसरांच्या खिडकीपाशी. आमचे हेडसर म्हणजे हिरव्यांचे भक्त. हिरवे म्हणजे आमच्या गावचा फुटबॉलचा संघ. त्यांच्या जर्सीचा रंग एवढी एकच गोष्ट त्यांच्याबद्दल खात्रीनं सांगता यायची. जिंकतील की हरतील ते त्यांचं त्यांनाही माहीत नसे. सामने मुलांच्या झोपायच्या वेळी सुरू व्हायचे, म्हणून सकाळी शाळेत येताना प्रत्येकाला एकच चिंता असायची. हेडसर सकाळी खुर्चीत बसून इंग्रजी वर्तमानपत्र उघडायचे आणि त्याचं शेवटचं पान खिडकीकडे यायचं. खिडकी उंच होती. बाहेर शिडी टाचा उंचावून उभी, आणि तिच्याभोवती माझा अख्खा वर्ग.

"हिरवे मागे होते," शिडी खाली बघून कुजबुजत होती. "मग शेवटी एक इक्वलायझर झाला."

"म्हणजे हरले?"

"नाही रे. आधी मागे होते, आणि नंतर कप्तान म्हणतो की निदान एक गुण तरी मिळाला. म्हणजे बरोबरी झाली असणार."

मी खांबाआड उभी राहून ऐकत होते. ज्यांच्या डोक्यात पोस्टाचं तिकीट वर्षभर चिकटलं नाही, ती मुलं एका नव्या शब्दाचा अर्थ त्याच्या मागचीपुढची वाक्यं चाचपून काढत होती. मला आनंद झाला आणि अपमानही वाटला. ज्याला शिकवणं म्हणतात ते माझ्या वर्गाबाहेर, माझ्यावाचून, छान चाललेलं होतं.

त्या दिवसापासून मी पोस्टाला राम राम ठोकला आणि खेळाच्या बातम्यांच्या वेबसाइटी उघडल्या. मला खेळातलं शून्य कळत होतं. एक्स्ट्रा टाइम ही शिक्षा असते अशी माझी समजूत होती, कारण आमच्या शाळेत ती तशीच असते. पण बातम्या वाचायला बऱ्या होत्या. वाक्यं छोटी, कोण काय करतोय ते स्पष्ट, आणि प्रत्येकाला कुठे ना कुठे लागलेलं. सोपी बातमी निवडायची, शाळेच्या त्यातल्या त्यात धडधाकट कॉम्प्युटरवरून हेडसरांच्या खोलीतल्या प्रिंटरवर पाठवायची आणि वर्गात वाटायची, असा माझा बेत होता.

पहिलाच तास फसला. मी कागद वाटत होते, तोच पुढच्या बाकावरचा एक मुलगा, ज्याला आम्ही घाईघाई म्हणतो, ओरडला, "हिरवे हरले, आमच्या बाबांनी सांगितलंय." झालं. सगळ्यांनी कागद पालथे घातले. ज्याचा निकाल लागलाय तो सामना वाचणार कोण? वर्गात पुन्हा पोस्टातली शांतता पसरली.

म्हणून मी नियम केला, की इंग्रजीच्या तासापर्यंत निकाल कोणी कोणाला सांगायचा नाही. ज्याला हवा त्यानं तो कागदातून शोधून काढायचा. बातमीच्या मथळ्यातच निकाल असतो, तो मी कात्रीनं कापायचे. फोटोही कापायचे, कारण गळ्यात गळे घालून नाचणारी माणसं कुठल्याही भाषेत वाचता येतात. उरलेला कागद वर्गात गेला की मुलं त्यावर मुंगळ्यांसारखी तुटून पडायची.

नियम करणं सोपं होतं, पण तो पाळायचा होता गावाला. मी पालकांची सभा बोलावली आणि बापांना सांगितलं, की सामन्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मुलांसमोर मूग गिळून बसायचं. एका आईनं उभं राहून विचारलं, हा नियम रोज लावता येईल का. बेकरीवाल्यानं मुलं दुकानात शिरली की रेडिओ बंद करायचं कबूल केलं. बसच्या ड्रायव्हरनं स्वतःच्या डोक्यानं पाटी करून टांगली, 'निकाल विचारू नये, ड्रायव्हर सांगणार नाही'. न्हावी मात्र प्रामाणिक निघाला. तो म्हणाला, "बाई, माझा हात चालला की तोंड चालतं, माझा इलाज नाही." तेव्हा सामन्याच्या दुसऱ्या दिवशी मुलांनी केस कापायचे नाहीत असं ठरलं.

सगळ्यात अवघड प्रकरण होतं हेडसर. एक तर त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही, आणि भिजला तरी चेहरा सगळं सांगून टाकतो. हिरवे जिंकले की ते प्रार्थनेच्या वेळी पायाच्या बोटांवर उभे राहायचे. हरले की शाळेत शिस्त राहिली नाही असं भाषण व्हायचं. मुलं निकाल त्यांच्या बुटांवरून ओळखायला लागली. मी जाऊन सांगितलं, "सर, उद्यापासून रोज शिस्तीचं भाषण करा. जिंकले तरी." त्यांनी माझ्यासाठी तेवढं केलं. जिंकल्यावर शिस्तीबद्दल बोलताना त्यांचा आवाज आनंदानं कापायचा, पण ते निभावून न्यायचे.

वर्ग वाचायला लागला. आधी अडखळत, मग भांडत, मग एकमेकांच्या पुढे जायच्या ईर्ष्येनं. शिडी मोठ्यानं वाचत नसे ते नसेच. पण कागदावर बोट ठेवून ती सगळ्यांच्या आधी शेवटाला पोचायची, आणि मुलांच्या ते लक्षात आलं. मग मुलं कागद सोडून मागे वळून शिडीच्या तोंडाकडे बघायला लागली. शिडीवर सगळा वर्ग ओरडला, की तू आमची मजा घालवतेस. तेव्हापासून ती चेहरा असा कोरा ठेवायला शिकली, की हिरवे जिंकले की मैदानासकट वाहून गेले, कळायची सोय नाही.

आणि मग सगळं एकदम आलं. हिरवे कुणालाही अपेक्षा नसताना चषकाच्या अंतिम सामन्यात पोचले, पिवळ्यांविरुद्ध. सामना रात्री. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तपासणी.

हेडसर मला म्हणाले, "तुम्ही उतारा दुसरा कुठला तरी घ्या. एवढ्या मोठ्या सामन्याचा निकाल गाव पोटात ठेवणार नाही."

"ठेवेल," मी म्हणाले. "तुम्ही ठेवाल का, तेवढं सांगा."

सकाळी हेडसर शाळेत आले ते गळ्यापासून नाकापर्यंत मफलर गुंडाळून. घसा बसलाय असं त्यांनी हातवाऱ्यांनी सांगितलं. घसा बिसा काही बसला नव्हता. रात्रीपासून त्यांनी तोंडाला कुलूप लावलं होतं आणि किल्लीवर स्वतःचा विश्वास नव्हता, एवढंच. डोळे लाल होते. ते आनंदानं लाल होते की दुःखानं, ते मी तुम्हाला सांगणार नाही. नियम म्हणजे नियम.

मी बातमी छापली, वाचली, अवघड शब्द बघून घेतले, मथळा कापला. मला खेळातलं कळत नाही असं मी वर म्हटलं, पण ती बातमी वाचताना मी खुर्चीत बसून वाचली नाही, एवढं सांगते.

साहेब आले. उंच कॉलर, हातात चामडी बॅग, आणि दोन्ही कानांत कापसाचे बोळे. फाटकाशीच आमच्या शिपाईमामांनी हसून तोंड उघडलं, "साहेब, काल रात्री—"

साहेबांनी हात वर केला. "कामाचं असेल तर बोला."

मामांचं तोंड तसंच उघडं राहिलं. शिक्षकांच्या खोलीत टेबलावर वर्तमानपत्र होतं, ते साहेबांनी नजर दुसरीकडे ठेवून चिमटीत धरून पालथं घातलं आणि वर बॅग ठेवली. चहा विचारला तर म्हणाले, गप्पांना वेळ नाही. चित्रकलेच्या सरांनी खिडकीतून बाहेर बघत नुसतं "काय तो सामना" एवढंच म्हटलं, तर साहेब उठून बाहेर व्हरांड्यात जाऊन उभे राहिले. असल्या कडक माणसापुढे शिडीचं काय होणार?

हेडसर त्यांना शाळा दाखवायला निघाले. एकाच्या तोंडाला मफलर, दुसऱ्याच्या कानात बोळे. हेडसर हातानं दाखवायचे, साहेब मानेनं हो म्हणायचे. इतकी शांत तपासणी आमच्या शाळेनं कधी पाहिली नव्हती.

वर्गात आल्यावर साहेबांनी एका कानातला बोळा काढला. मुलं काय वाचतात ते ऐकणं भाग होतं.

"पाठ केलेलं मला नको," ते मला म्हणाले. "मुलांनी कधीही न पाहिलेलं पाहिजे."

"हे आज पहाटे लिहिलं गेलंय," मी कागदांचा गठ्ठा दाखवत म्हणाले. "आत काय आहे ते या वर्गात माझ्याशिवाय कोणाला माहीत नाही."

साहेब पहिल्यांदा थोडे खूश दिसले. "छान. असंच हवं. त्या मागच्या उंच मुलीला उभं करा."

मी वर्गात इतरही मुलं असल्याचं सुचवून बघितलं. घाईघाई तर अर्धा उभा राहिलाच होता. साहेबांनी मान हलवली नाही. शिडी उठली. मी तिला वरचा कागद दिला. सगळा वर्ग मागे वळून बसला, आणि तिच्या गळ्यातून आवाज आला, बारीक, पण आला.

"लास्ट नाइट, इन द कप फायनल, द ग्रीन्स—"

"थांब," साहेब म्हणाले.

शिडीनं कागद खाली केला. तिचा चेहरा कोरा होता, पण तो कोरा करायला तिला किती कष्ट पडले ते मला दिसलं. माझं डोकं फिरलं.

"साहेब," मी म्हणाले, "ही मुलगी वर्षभरात पहिल्यांदा मोठ्यानं वाचायला उभी राहिली आहे. पहिलं वाक्य तरी पुरं होऊ द्यायचं होतं. काय चुकलं तिचं?"

"काही चुकलं नाही." साहेब कानातला दुसरा बोळा चाचपत होते. "दुसरं काही नाही का? हे सोडून?"

"पोस्टाला भेट आहे. पण ते त्यांना झोपेत पाठ आहे. आणि झोपेतच पाठ केलंय."

साहेब हळू आवाजात म्हणाले, "मी काल रात्रभर प्रवासात होतो. घरी सामना रेकॉर्ड करून ठेवलाय. माझे वडील ब्याऐंशीचे आहेत. हिरव्यांचा अंतिम सामना याआधी झाला तेव्हा मी त्यांच्या खांद्यावर बसून बघितला होता. मी आल्याशिवाय बघणार नाही म्हणाले. घरात रेडिओ काढून टाकलाय, दार लावून बसलेत. मी सकाळपासून कोणाशी धड बोललो नाही. तुम्हाला उद्धट वाटलो असेन."

"वाटलात," मी म्हणाले. खोटं कशाला बोलायचं?

मफलरच्या आतून एक हुंकार आला. हेडसर साहेबांकडे असे बघत होते, जणू जत्रेत हरवलेला सख्खा भाऊ सापडला. त्यांनी पुढे होऊन साहेबांचा हात हातात घेतला. बोलले काही नाहीत, बोलणं धोक्याचं होतं.

साहेबांनी सुस्कारा सोडला आणि कानातला दुसराही बोळा काढून खिशात टाकला. "पण नियम आहे. मुलांना येतं का ते मला ऐकावं लागेल. माझ्या सामन्यासाठी तुमच्या वर्गाला खाली बसवणं बरं नव्हे. वाच, बाळ. मी वडिलांना चेहऱ्यावरून काही कळू देणार नाही, जमेल तेवढं."

ह्या मुलांनी निकालासाठी कान बंद करून, केस वाढवून दिवस काढले होते. निकाल आधी कळणं म्हणजे काय ते त्यांच्याइतकं कोणाला कळणार?

"सर," शिडी म्हणाली, "निकाल गाळून वाचू?"

"म्हणजे?"

"आधी मनात वाचते. ज्याच्यावरून कळेल तेवढं खोडते. उरलेलं मोठ्यानं वाचते."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी हेडसरांकडे बघितलं. हेडसरांनी लगेच माझ्या हातातला एक कागद ओढून घेतला, ती काय गाळते ते तपासायला. साहेबांना तर कागदाकडे बघण्याचीही चोरी होती.

शिडीनं कंपासमधून पेन्सिल काढली आणि खाली बसली. बोट ओळींवरून सरकत होतं, ओठ हलत होते. मधेच पेन्सिल चालायची. एकदा तिनं खोडलेलं रबरानं पुसून परत ठेवलं. साहेब तिच्या डोक्यावरून भिंतीकडे बघत बसले होते, पेपर तपासले जात असताना मुलं बसतात तसे.

मग ती उठली आणि वाचायला लागली. रात्री हवा थंड होती, मैदान ओलं होतं. पिवळ्यांनी सुरुवात जोरात केली. हिरव्यांच्या कप्तानाच्या गुडघ्याला पट्टी होती. एक गोल झाला, असं तिनं वाचलं, आणि कोणाचा ते वाचलं नाही. मध्यंतरानंतर पाऊस आला. पंचानं चेंडू पुसून घेतला. गोलरक्षकानं उडी मारली—आणि ती थांबली, पुढच्या परिच्छेदावर गेली.

"मग?" साहेब खुर्चीच्या टोकावर आले होते. "चेंडू लागला का हाताला?" आणि लगेच दोन्ही कानांवर हात ठेवून म्हणाले, "नको, नको. सांगू नकोस."

कप्तान सामन्यानंतर बोलला, असं वाक्य होतं, आणि तो कसल्या चेहऱ्यानं बोलला तो एक शब्द तिनं उचलून बाजूला ठेवला. प्रशिक्षकाचं म्हणणं सबंध गाळलं. हेडसर कागदावर बोट ठेवून माना डोलवत होते. मग हिरव्यांचे प्रेक्षक मैदानातून कधी बाहेर पडले त्याबद्दलचं एक साधंसं वाक्य आलं. शिडी तेही ओलांडून पुढे गेली. हेडसरांनी भुवया चढवल्या, कागद जवळ धरला, मला बोटानं दाखवलं, की हे का गाळलं, यात काय आहे? क्षणभरानं त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला, की जिंकलेल्यांचे लोक लवकर घरी जात नाहीत, आणि त्यांनी कपाळावर हात मारला. त्यांनी स्वतः वाचलं असतं तर तिथेच बिंग फुटलं असतं.

तिचा आवाज कधी मोठा झाला ते मला कळलंच नाही. एक दोन शब्द ती चुकली, पण थांबली नाही, आणि दुरुस्त करायला कोणी नव्हतं. शेवटचं वाक्य वाचून तिनं कागद खाली ठेवला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, म्हणून मी घाईघाईला उगाचच दटावलं.

साहेबांनी इतर मुलांनाही सोडलं नाही. मी उरलेले कागद वाटले; प्रत्येकानं आपापलं एक निरुपद्रवी वाक्य निवडून वाचायचं. बहुतेकांनी पाऊस निवडला. घाईघाई उठला आणि भलत्याच वाक्याला हात घातला, पण शेजारच्या मुलीनं वेळेवर त्याच्या तोंडावर वही दाबली.

"आता प्रश्न विचारायची सोय नाही," साहेब पेन काढत म्हणाले. "पण गरजही नाही. जे वाचता येत नाही ते गाळता येत नाही. काय लपवायचं ते हिला नेमकं कळलं, म्हणजे सगळं कळलं." त्यांनी शेरा लिहिला आणि मला दाखवला. वर्ग आहे तिथेच राहणार होता. माझ्या जिवात जीव आला. शिडीनं तो शेरा स्वतः वाचून बघितला, मनात, बोट ठेवून, आणि मग भिंतीला टेकून बसली.

पण साहेबांना बसथांब्यापर्यंत पोचवायचं कसं? वाटेत बेकरी होती आणि न्हावीही होता. शेवटी अख्खा वर्ग त्यांच्याभोवती कडं करून निघाला, सगळ्यांत पुढे शिडी, कारण तिला लांबचं दिसायचं. बेकरीवाल्यानं तिला बघून रेडिओचा गळा दाबला. न्हाव्याच्या दुकानासमोरून जाताना मुलांनी साहेबांच्या कानांवर आपले हात ठेवले. न्हावी वस्तरा हातात धरून दारात उभा होता, ओठ घट्ट मिटून, आणि एवढा त्रास होताना मी माणसाला क्वचितच पाहिलं असेल.

बसमध्ये पाटी होतीच. साहेब पायरीवर चढले आणि वळले.

"एवढंच सांग," ते शिडीला म्हणाले. "बघण्यासारखा आहे ना सामना?"

शिडी विचारात पडली. मला वाटलं मराठीत काहीतरी सांगून मोकळी होईल. पण तिनं साहेबांकडे सरळ बघितलं आणि आयुष्यातलं पहिलं स्वतःचं इंग्रजी वाक्य बोलली, कुठल्याही कागदावर नसलेलं.

"सर, सिट निअर युअर फादर."

साहेब ते वाक्य घेऊन आत जाऊन बसले. बस वळेपर्यंत ते खिडकीतून तिच्याकडे बघत होते. तिच्या चेहऱ्यावरून काही कळेल अशी आशा असेल, पण कोरा चेहरा ठेवण्यात ही किती तरबेज आहे ते त्यांना माहीत नव्हतं.

परत आलो तर वर्गाच्या दारात मिरची उभी. खालच्या वर्गाच्या बाईंनीही माझा नियम लावला होता, आणि तिला अजून निकाल कळलेला नव्हता. तिचं तोंड एवढंसं झालं होतं.

"ताई, कोण जिंकलं गं? सांग ना."

शिडी आपल्या बाकावर जाऊन बसली, भिंतीकडे सरकली आणि शेजारची जागा हातानं झटकली. मिरची येऊन बसली. तिचे पाय जमिनीला पुरत नव्हते. शिडीनं आपला कागद तिच्यासमोर ठेवला.

मिरचीनं भराभर वाचायला सुरुवात केली आणि दोन ओळींत अडकली. "हे काय, यात तर मधलं सगळं खोडलंय."

"हो," शिडी म्हणाली. "खोडलंय तेच वाच."